फिशर: दुखणे लपवू नका

डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसते. म्हणून अनेक प्रवासी पाणी कमी पितात, कळ दाबून ठेवतात. मग मल कडक होतो आणि गुदद्वाराची नाजूक त्वचा, बहुधा मागच्या बाजूला, चिरते. हेच फिशर. शौचाला बसताच चिरल्यासारखी कळ येते, लालभडक रक्ताचे थेंब पडतात. वेदनेने आतला स्नायू आवळतो, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. म्हणून खरा उपचार स्नायू सैल आणि मल मऊ करण्याचा: कोमट पाण्यात बसणे, भरपूर पाणी, पालेभाज्या, डॉक्टरांनी दिलेले मलम. ‘शस्त्रक्रिया अटळच’ ही भीती निराधार आहे. ताजी चीर पुष्कळदा 6 आठवड्यांत भरते. मग डॉक्टर कशाला? रक्त मूळव्याधीचे, फिशरचे की कर्करोगाचे, हे तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून.