जाम नदीकाठचा पाडवा

श्रावण सरला, पिठोरी अमावास्या झाली, की आपल्या किनाऱ्यावर चवथीची लगबग सुरू होते. माटोळीसाठी सुपारीची शिपटी, आंबाडे, निरफणस, रानातली फळे यांची जुळवाजुळव करण्यात घरातील लहानथोर गढून जातात. त्याच दिवसांत सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखात, एक अगदी निराळा सण साजरा होत असतो. नोकरीनिमित्त काही वर्षे सौंसरला सहकुटुंब राहण्याचा योग आम्हांस आला आणि तो सण जवळून पाहता आला. समुद्र न पाहिलेल्या त्या गावांनी आम्हां किनाऱ्यावरच्यांना जे शिकविले, ते आज सांगावेसे वाटते.

हा मुलूख आपल्याला फारसा परिचित नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याबरोबर पांढुर्णा व सौंसर येथील मराठी माणूसही तिकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस आणि संत्री ही तेथली पिके. शाळा-कचेरीची भाषा हिंदी, घरातली भाषा मराठी. घरी एक भाषा आणि सरकारदरबारी दुसरी, हा अनुभव गोमंतकीयाला नवा नसल्यामुळे आम्हांस तेथे परके वाटले नाही. परके वाटले ते सणांच्या दिवशी.

आपल्याकडे गुरांची पूजा दिवाळीच्या पाडव्याला होते. तिकडे बैलांचा दिवस म्हणजे पोळा. आदल्या सायंकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, त्याची अशी क्षमा मागण्याची रीत आम्हांस फार हृद्य वाटली. अमावास्येला शिंगे रंगवून, झुली घालून बैल तोरणाखाली उभे करतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा म्हणून मुले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. शेजारच्या आजोबांनी आमच्या मुलालाही एक बैल दिला. ‘‘पाहुण्याचं लेकरू रिकाम्या हातानं कसं फिरंल जी?’’ एवढेच ते म्हणाले. त्या लाकडी बैलाने आम्हांस जेवढे गावकरी केले, तेवढे शिधापत्रिकेनेही केले नव्हते.

पण तो तान्हा पोळ्याचा पाडवाच पांढुर्ण्याच्या गोटमारीचा दिवस. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, त्याची पूजा होते, आणि मग दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्णेकरांनी पात्रात उतरून कुऱ्हाडीने झाड तोडावे आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यावा; सावरगावकरांनी तो राखावा. सावरगावची मुलगी व पांढुर्ण्याचा तरुण पळून जात असता नदीत अडविले गेले आणि दोन्हीकडच्या दगडांत सापडले, अशी आख्यायिका सांगतात. कोणी हा भोसल्यांच्या सैन्याच्या युद्धसरावाचा अवशेष मानतात. खरे काय ते असो; दगड मात्र खरे आहेत. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे डोळे व हातपाय कायमचे गेले आहेत, आणि १९५५ पासून डझनभर तरी माणसांनी प्राण गमावल्याची नोंद वृत्तपत्रांतून वारंवार आली आहे.

आम्ही जावे की न जावे, हा प्रश्न घरात उभा राहिला. मुलाला जायचे होते. त्याच्या वर्गातली मुले जाणार होती. आजोबांनीच निकाल दिला : ‘‘वहिनी, लेकराले नेऊ नका. साहेबांनी यावं, पण पुलावर उभं राहू नये, गच्चीवरून पाहावं.’’ त्याप्रमाणे आम्ही एकटेच गेलो आणि एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून पाहिले. खाली पोलीस होते, रुग्णवाहिका होत्या, उपचाराचे तंबू होते. जखमी होणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, हे पाहून आमचे मन विषण्ण झाले. डोक्याला पट्टी बांधून पुन्हा पात्राकडे धावणारा तरुण पाहताना संतापही आला. आणि तरीही नजर तेथून हलत नव्हती, ही कबुली दिलीच पाहिजे. आपण गावचे नाही, म्हणून आपल्या पाहण्याला दोष नाही, असे मानणे सोपे आहे. पण बघ्यांची गर्दी हेही त्या दगडाला बळ देणारे कारणच नव्हे काय?

अशा वेळी ‘काय हा रानटीपणा’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो अधिकार आम्हां किनाऱ्यावरच्यांना आहे, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या धिर्यांवर उच्च न्यायालयाने १९९६ साली बंदी घातली, ती एका माणसाचा जीव गेल्यानंतर. आणि तरीही त्या चोरून लावल्या जातात, हे कोणास ठाऊक नाही? मे २०२५ मध्ये शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, तो घाव अजून ओला आहे. उत्सवाच्या गर्दीत माणसाचे मोल कमी होते, हा दोष एका गावाचा नाही.

दुसरीकडे, ‘परंपरा आहे, चालायचेच’ ही भूमिकाही तितकीच खोटी. उत्तराखंडात देवीधुरा येथे वाराहीदेवीपुढे राखीपौर्णिमेला अशीच दगडफेक होत असे. २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दगडांऐवजी फळे-फुले फेकण्याचा प्रघात सुरू झाला. अधूनमधून दगड दिसतात. परंतु देवीचा कोप झाला नाही आणि मेळाही ओस पडला नाही. जपानात सुवा येथे दर सहा वर्षांनी प्रचंड ओंडके, त्यांवर माणसे बसवून, डोंगरउतारावरून सोडतात. त्यातही माणसे दगावली आहेत. पण २०२२ मध्ये महासाथीमुळे तेच ओंडके मालमोटारींतून खाली आणले गेले, आणि शतकानुशतकांचा तो उत्सव बुडाला नाही. परंपरेची वाट काळाप्रमाणे बदलली, तरी ती परंपराच राहते.

मग पांढुर्ण्याला बदल का होत नाही? जमावबंदीचे हुकूम निघाले, गोफणींवर बंदी आली, मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला टाकून दगडच उचलले. याचे कारण आम्हांस असे दिसते की, हे सारे उपाय बाहेरून आले. कचेरीने दिलेल्या चेंडूला गावाच्या कथेत जागा नव्हती. परंतु त्या कथेतच एक उपाय आहे. सायंकाळपर्यंत झाड तुटले नाही, तर दोन्ही बाजूंची माणसे आपसांत ठरवून ते झाड काढतात आणि मिळून चंडीमातेच्या देवळात नेतात, अशी रीत तेथे आहे. म्हणजे समेट हाही विधीचाच भाग आहे, आणि तो कोणा अधिकाऱ्याने शिकविलेला नाही. सायंकाळी होणारा हा समेट सकाळीच करता येणार नाही काय? पळस रोवावा, पूजा व्हावी, झेंड्यासाठी ओढाताणही व्हावी. दगड तेवढा नदीतच राहू द्यावा. हे सांगण्याचा अधिकार मात्र दोन्ही काठांवरच्या वडीलधाऱ्यांचा, आणि त्याहूनही ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवशी परत आले नाही त्यांचा आहे.

परगावी राहणाऱ्या कुटुंबाने तेथल्या सणाला कसे जावे, याचे उत्तर आम्हांस त्या आजोबांकडून मिळाले. संध्याकाळी आम्ही परतलो, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. तरुणपणी आपणही नदीत उतरत होतो, असे सांगून त्यांनी टोपी काढली आणि कपाळावरचा जुना व्रण दाखविला. ‘‘माह्या नातवाले मी नाही जाऊ दिलं जी,’’ ते हळूच म्हणाले. आत आमचा मुलगा आणि त्यांचा नातू लाकडी बैलांना चारा घालीत होते. चवथ अवघी तीन दिवसांवर होती. आमच्या माटोळीला किनाऱ्यावरची फळे नव्हती; आजोबांनी आपल्या बागेतली हिरवी संत्री पाठवून दिली. त्या वर्षी आमच्या गणपतीवर तीच टांगली गेली.