कोरडे डोळे व कृत्रिम अश्रू

गेल्या सहामाहींत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी वाचतांना वारंवार डोळे चोळीत असे, व त्याच्या डोळ्यांतून पाणी गळे. अभ्यास टाळण्याचें हें निमित्त असावें, असें समजून आम्ही त्याला रागें भरलों. पुढें डॉक्टरांनी त्याचे डोळे कोरडे असल्याचें सांगितलें, तेव्हां आम्हांस आमच्या उतावळेपणाची लाज वाटली.

पाणी गळणारा डोळा कोरडा कसा, असें कोणी विचारील. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ पडदा असतो. त्यांत तळाशीं बुळबुळीत द्रव्य, मध्यें पाणी व वर तेलाचा थर असतो. हें तेल पापण्यांच्या कडेच्या ज्या ग्रंथींतून येतें, त्यांचें वर्णन माइबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं केलें. तेल कमी पडलें कीं पाणी लवकर उडून जातें, डोळा चुरचुरतो, व त्या चुरचुरण्यामुळेंच पाण्याचा लोंढा येतो. परंतु तो टिकत नाहीं. पुस्तकाकडे अथवा मोबाइलकडे टक लावून पाहतांना पापण्या कमी वेळां लवतात. त्यामुळें हा त्रास वाढतो.

यावर डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. त्यांतील कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजसारखीं द्रव्यें ओलावा धरून ठेवतात. प्रथम हात स्वच्छ धुवावे, मान मागें टाकावी, खालची पापणी हलकेंच खालीं ओढून त्या खळग्यांत एकच थेंब सोडावा, व डोळा मिनिटभर मिटून ठेवावा. बाटलीचें टोंक डोळ्यास अगर बोटास लागूं देऊं नये. एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये. बाटली फोडल्यावर किती दिवसांनीं टाकावी, हें वेष्टनावर लिहिलेलें असतें, तें पाळावें. दिवसांतून चारांहून अधिक वेळां थेंब लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

पालकांस एक विनंति आहे. घरांत उरलेले कोणतेहि थेंब मुलांच्या डोळ्यांत घालूं नयेत. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेत राहिल्यास काचबिंदु होऊन दृष्टि जाऊं शकते. तसेंच डोळा दुखूं लागला, अंधुक दिसूं लागलें, किंवा मुलास तिन्हीसांजेस दिसेनासें झालें, तर थेंबांवर विसंबून न राहतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें. रातांधळेपणासह येणारा कोरडेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेचाहि असूं शकतो.

विद्यार्थिमित्रहो, वाचतांना मधून मधून दूरच्या झाडाकडे पाहा, पापण्या लववा, आणि डोळे चुरचुरूं लागले तर तें लपवूं नका. आम्हीहि यापुढें रागावण्यापूर्वीं विचारूं.