विद्यापीठांची तुलना : झाशीच्या मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने

दोन साहित्यकृतींची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाला प्रथम तुलनेचा निकष ठरवावा लागतो. निकष ठरल्यावाचून मांडलेली तुलना ही केवळ दोन वर्णनांची शेजारणी ठरते. उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ निवडताना मात्र ही साधी शिस्त बहुधा पाळली जात नाही. विद्यापीठांची नावे, स्थापनावर्षे, शुल्क आणि क्रमांक एका कोष्टकात मांडले की तुलना झाली, असे मानले जाते. ही रीत कोठे अपुरी पडते, हे झाशीतील मराठी घरातून साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

१७४२ मध्ये नारोशंकर पेशव्यांच्या वतीने झाशीचा सुभेदार झाला आणि त्यानंतर तेथे मराठी कुटुंबांची वस्ती वाढत गेली. पुढे सुभा नेवाळकर घराण्याकडे आला. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, पण मराठी कुटुंबे तेथेच राहिली. अशा घरातील मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी आणि आसमंताची बुंदेली असते. त्याच्यापुढील प्रश्न 'चांगले विद्यापीठ कोणते?' एवढाच नसतो. या तीन भाषांपैकी कोणती आपल्या अभ्यासाची भाषा होणार, याचाही निर्णय त्या निवडीत दडलेला असतो.

आज बहुतेक विद्यार्थी प्रथम पाहतात तो राष्ट्रीय क्रमवारीचा तक्ता. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या या क्रमवारीत विद्यापीठांसाठी अध्यापन व साधने यांना ३० टक्के, संशोधनास ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीस २० टक्के, तर सर्वसमावेशकता व लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के भार दिलेला आहे. संशोधनाचे मोजमाप मुख्यतः आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदलेल्या लेखांवरून होते. मराठी नियतकालिकांतील लेख या सूचींत क्वचितच आढळतात. साहजिकच, मराठीचा विभाग समृद्ध असला तरी त्यामुळे विद्यापीठाचा क्रमांक फारसा वर चढत नाही, आणि तो विभाग मुळीच नसला तरी क्रमांक खाली येत नाही. क्रमवारी खोटी नसते, परंतु या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते.

म्हणून निकष प्रश्नातून काढावे लागतात. पहिला निकष विद्यापीठाच्या घडणीचा. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगाने केवळ परीक्षा घेणाऱ्या संलग्नक विद्यापीठांहून अध्यापन करणाऱ्या एककेंद्री विद्यापीठांचा पुरस्कार केला. हा भेद आजही महत्त्वाचा आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठाला स्वतःचा परिसर आहे आणि अनेक संलग्न महाविद्यालयेही आहेत. १९१६ चे बनारस हिंदू विद्यापीठ मुळातच निवासी. एकाच नावाच्या पदवीमागे अध्यापनाचे अगदी भिन्न अनुभव असू शकतात. तेव्हा तुलना विद्यापीठाशी विद्यापीठाची न करता विभागाशी विभागाची करणे इष्ट होय.

दुसरा निकष भाषांच्या सहवासाचा. दिल्ली विद्यापीठात १९६१ पासून आधुनिक भारतीय भाषांचा स्वतंत्र विभाग आहे, तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये तुलनात्मक साहित्याचा विभाग उभा केला. या दोन्ही ठिकाणी मराठी ही अनेक साहित्यांपैकी एक म्हणून समोर येते. पुण्यात मराठी केंद्रस्थानी असते आणि हिंदी शेजारच्या विभागात. नागपूरचे स्थान वेगळे आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ मध्य प्रांताच्या हिंदी व मराठी अशा दोन्ही भागांसाठी होते, आणि १९५६ पर्यंत ते शहर द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. दोन्ही भाषा सांभाळू इच्छिणाऱ्याला हा वारसा उपकारक ठरतो.

गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध या बंधूंचे उदाहरण येथे बोलके आहे. मध्य भारतातील एकाच मराठी घरात वाढलेल्या या दोघांपैकी थोरल्याने हिंदीत काव्य लिहिले, धाकट्याने मराठीत, आणि दोघांचाही नागपूरशी निकटचा संबंध आला. एका घराच्या दोन वाटा झाल्या, तरी त्यांपैकी एकही वाट अज्ञानामुळे बंद झाली नव्हती. निवड जाणती असली म्हणजे काय, हे यावरून ध्यानात येते.

तिसरा निकष साधनांचा, आणि झाशीच्या संदर्भात तोच सर्वांत निर्णायक आहे. समजा, या विद्यार्थ्याला झाशीविषयीच्या वाङ्मयाचाच अभ्यास करावयाचा आहे. द. ब. पारसनीस यांचे लक्ष्मीबाईचरित्र १८९४ मध्ये मराठीत आले. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तर त्याची मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उजेडात आणली. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ ची, आणि महाश्वेतादेवींचे बंगाली पुस्तक १९५६ चे. झाशीचा राजग्रंथसंग्रह १८५८ च्या विध्वंसात नष्ट झाला. त्यामुळे मराठी कागदपत्रांसाठी पुण्यातील पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे जावे लागते, आणि त्यासाठी मोडी लिपी शिकणे अटळ ठरते. उलट, महाश्वेतादेवींनी ज्या लोकस्मृतीचा शोध बुंदेलखंडात हिंडून घेतला, तिच्यासाठी झाशीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. क्रमवारीत मागे असलेले घरचे विद्यापीठ येथे नामांकित विद्यापीठांच्या पुढे जाते.

प्रवेश व खर्च हे निकष व्यावहारिक आहेत, म्हणून दुय्यम नव्हेत. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा घेतली जाते आणि ती मराठीतूनही देता येते. परंतु परीक्षेचे माध्यम आणि पुढील अध्यापनाचे माध्यम एकच असेल असे नाही. त्याची चौकशी विभागाकडेच करावी लागते.

या निकषांची बेरीज करून एक आकडा काढता येत नाही, कारण त्यांची एकके भिन्न आहेत. मोडीचे शिक्षण आणि बहुभाषिक चर्चासत्र यांपैकी एकाचे आधिक्य दुसऱ्याची उणीव भरून काढत नाही. सर्व निकषांवर पुरे उतरणारे एकही विद्यापीठ नाही. प्रत्येक निवडीत काही गमवावे लागते, आणि काय गमावले जात आहे हे आधी दाखवून देणे एवढेच तुलनेचे कार्य आहे. पुणे निवडणाऱ्याने हिंदीचे वाचन स्वतः चालू ठेवावे. दिल्ली निवडणाऱ्याने मोडीसाठी एखादी सुट्टी पुण्यात काढावी. झाशीतच राहणाऱ्याने घरातील मराठी पुस्तकांची कपाटे बंद होऊ देऊ नयेत. ही भरपाई न केल्यास तुटलेली भाषा पुढील पिढीत परत येणे कठीण असते. क्रमवारीच्या तक्त्यात या हानीसाठी रकाना नाही. तो विद्यार्थ्यानेच आखावयाचा असतो.