चंद्रावरची पहाट

आश्विन पौर्णिमेची रात्र. ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत श्रीलक्ष्मी संचार करते, या श्रद्धेने घरोघरी कोजागरीचे जागरण होते आणि आटीव दुधात चंद्रबिंब पाहून नैवेद्य दाखविला जातो. घरात दुर्बीण असेल तर मुले ती हौसेने चंद्राकडे वळवितात. परंतु बहुधा हिरमुसतात. पूर्णचंद्र डोळे दिपवितो, पण सपाट भासतो. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीशी असल्यामुळे चंद्रावरील पर्वतांच्या सावल्या त्यांच्याच आड दडलेल्या असतात.

चंद्राचे खरे रूप पाहावयाचे तर नवरात्रापासूनच आरंभ करावा. शुद्ध अष्टमीला अर्धचंद्र आकाशात असतो. उजेड व अंधार यांच्या सीमारेषेवर तेव्हा चंद्रावरची पहाट चाललेली असते. अडीच-तीन इंची साधी दुर्बीणही तेथील विवरांच्या काठांवरचे ऊन आणि तळातला काळोख स्पष्ट दाखविते. चंद्रावर हवा नसल्यामुळे संधिप्रकाश नाही. सावल्या काजळासारख्या काळ्याभोर. सह्याद्रीची शिखरे उन्हाने उजळावीत आणि दऱ्या अंधारात असाव्यात, तसे काळोखात एकेक शिखर ठिणगीसारखे चमकू लागते. असे ठिपके गॅलिलिओने १६०९ साली पाहिले आणि त्यांवरूनच चंद्रावर पर्वत असल्याचे ताडून त्यांची उंची मोजली.

ही पहाट चंद्राच्या मध्यरेषेवर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगानेच सरकते. म्हणून तासाभराने पुन्हा पाहिल्यास एखादे नवे शिखर उजळलेले आढळते. नवमीच्या सुमारास सुमारे ११० किलोमीटर लांबीचा ‘सरळ कडा’ काळ्या रेघेसारखा दिसतो; कृष्णपक्षात ऊन उलट बाजूने आले की तीच रेघ पांढरी होते. दशमी-एकादशीला ज्युरा पर्वताची कमान खालचे मैदान अंधारात असतानाच उजळते. जणू काळोखावर ठेविलेले सोन्याचे कंकणच!

चंद्राचे तेज सूर्याचे आहे आणि ग्रहणे छायेमुळे होतात, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त सांगितले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चंद्रयान-३’ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेही तेथील पहाट साधूनच; कारण सौरऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांना पुढे सुमारे चौदा दिवसांचाच उजेड लाभणार होता.

चंद्राला देव मानावयाचे आणि त्याच्यावरील खळगेही मोजावयाचे, हे कसे, असा प्रश्न काही घरांत उठतो. आमच्या घरीही उठला होता. अष्टमीच्या एका रात्री आमच्या मातोश्रींनी मोठ्या संकोचाने दुर्बिणीला डोळा लाविला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग दूर होऊन त्यांनी हात जोडले व म्हणाल्या, “इतके घाव अंगावर आहेत, तरी आपल्याला शीतळ चांदणेच देतो हो!” त्या वर्षीच्या कोजागरीला दुधाचा नैवेद्य नेहमीसारखाच झाला, नमस्कार मात्र अधिक वेळ झाला.

यंदाही अष्टमीच्या आरतीनंतर घटकाभर गच्चीवर जावे. कोजागरीचे जागरण हे निव्वळ डोळे उघडे ठेवणे नव्हे, तर पाहणेही आहे.