मच्छरदाणी खोचताना

एटापल्लीकडच्या एका टोल्यावर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई घरात शिरल्या की आधी अंथरूण पाहतात. कोण कुठं निजतं, लेकरू आईजवळ की आजीजवळ, मच्छरदाणी वाशाला बांधलीय की घडी करून ठेवलीय. मच्छरदाणी नवी असेल तर ती दिवसभर सावलीत टांगायला लावतात, कारण धाग्यातलं औषध सुरुवातीला अंगाला झोंबतं. मग चारही कडा चटईखाली खोचून दाखवतात. जमिनीवर निजणाऱ्या घरात हेच अवघड. लेकरू झोपेत लोळत कडेला जातं, चटई सरकते आणि खोचलेली कड सुटते. बोलणं माडियात चालतं, मला कळावं म्हणून त्या मध्येच मराठीत सांगतात, "पोरगं मधात निजलं पाहिजे."

शाळेत जाणाऱ्या एका मुलाला ताप होता. बोट टोचून रक्ताचा थेंब तपासणीच्या किटवर, वर द्रावणाचे थेंब, मग पंधरा-वीस मिनिटांची वाट. व्हायवॅक्स हिवताप निघाला. क्लोरोक्विन तीन दिवसांत संपतं, प्रायमाक्विन मात्र चौदा दिवस घ्यायचं. ताप लवकर उतरतो, पोरगं खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं. पण जंतू यकृतात दडून असतो, महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणून बऱ्या झालेल्या पोराला गोळी द्यायला ताई पुन्हा दारात येतात. मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

हिवतापाच्या दर तापाला रक्तपेशी फुटतात. लहान वयात हे वारंवार झालं की अंगात रक्तच उरत नाही. फाल्सिपेरम हा हिवतापाचा दुसरा, जास्त घातक प्रकार; तो मेंदूपर्यंत गेलेली काही मुलं वाचतात, पण पुढे फिट्स येतात, शिकणं जड जातं.

मच्छरदाणीने मुलांना जपण्यावर मात्र एक जुनी शंका होती. लहानपणी डासांपासून जपलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती घडणार नाही, मग आज टळलेलं मरण पुढे गाठेल का? टांझानियातल्या किलोम्बेरो खोऱ्यात १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या ६,७०६ मुलांच्या घरी वारंवार जाऊन, ती औषधी मच्छरदाणीत निजतात का, हे लिहून ठेवलं होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी त्यांतल्या ५,९८३ जणांचा ठावठिकाणा शोधला. निम्म्या किंवा अधिक भेटींत जी मच्छरदाणीत निजत होती, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त कमी होता. पाचव्या वर्षानंतरही त्यांच्यात मृत्यू वाढले नव्हते. आपल्याकडे १९५३ पासूनच्या हिवताप मोहिमेचा माग अर्थतज्ज्ञांनी काढला, तेव्हा त्या काळात जन्मलेल्या पुरुषांच्या घरखर्चाची ऐपत मोठेपणी थोडी वाढलेली दिसली. पुरुषांच्या शिक्षणात मात्र वाढ आढळली नाही. फरक थोडा म्हणून मी तो सोडणार नाही.

किलोम्बेरोतला शोध त्या घरभेटींच्या नोंदींमुळे लागला. आशाताईंच्या रजिस्टरातही मुलाचं नाव, वय, किटचा निकाल आणि गोळ्यांचे दिवस आहेत. ही रजिस्टरं रद्दीत जाऊ नयेत. ती तालुक्याला नीट जपली, तर वीस वर्षांनी याच टोल्यावरच्या मुलांचं काय झालं ते कुणाला तरी शोधता येईल.