मांजर आवाजाला भितं तेव्हा

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आता दिवाळी वीस दिवसांवर आली. सगळ्या गटांत भाजणी, चिवडा आणि ऑर्डरींचाच हिशेब चालला असेल. त्यात आज आम्ही मांजराबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. आमच्या गटातल्या काकूही हसल्या होत्या. पण गेल्या दिवाळीला आमच्या हातून जे झालं ते आधी ऐका.

आमच्या गटाची धान्याची कोठी म्हणजे पत्र्याची एक खोली. हरभरा, बाजरी, उडीद पोत्यांत भरून तिथे ठेवतो. उंदरांचा बंदोबस्त मनीकडे. (फराळ करतो त्या खोलीत तिला येऊ देत नाही, ते दार आम्ही लावूनच घेतो.) लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मनीची तीन पिल्लं कोठीत होती, दहा दिवसांची. बाहेर फटाके, आत ती सुरक्षित राहील, असं म्हणून आम्ही दार ओढलं आणि कडी घातली. थोड्या वेळानं मागच्या गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हे त्याहून वाईट. मनी आतून ओरडायला लागली. आमच्यातल्या एका वहिनींनी दार उघडलं, पोत्यांमागे हात घातला आणि मायेनंच तिला बाहेर ओढलं. मनीनं त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला, चावली आणि अंधारात पळाली.

ती आली तिसऱ्या दिवशी. तोवर कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होतो, तरी एक पिल्लू गेलं. वहिनींना ऐन सणात आरोग्य केंद्राच्या फेऱ्या मारून रेबीजची लस घ्यावी लागली. आणि मनी पुढे महिनाभर कोठीत पाय ठेवेना. तेवढ्यात उंदरांनी हरभऱ्याची दोन पोती कुरतडली.

यात मनीची चूक नव्हती. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही वरचा. पोत्याआडच्या उंदराची जी चीं-चीं आपल्याला कळतही नाही, ती तिला स्पष्ट ऐकू येते. ज्या कानाच्या जिवावर ती आपलं धान्य राखते, त्याच कानाशी आपण बॉम्ब फोडतो. दुसरं असं, की कुत्रं घाबरलं की बरेचदा आपल्या पायांत घुसतं. मांजर बहुधा तसं करत नाही. त्याला अंधारी, अरुंद जागा हवी असते आणि तिथून निसटायची वाटही मोकळी लागते. आम्ही कडी घालून वाट बंद केली आणि हात घालून लपायची जागाही मोडली.

म्हणून यंदा तयारी आधीच केली आहे. ज्वारीच्या जुन्या कणगीला खालून एक भोक होतंच, दुसऱ्या बाजूनं आणखी एक पाडलं. आत जुनं लुगडं अंथरलं, न धुता, कारण ओळखीचा वास असला की मांजर लवकर टेकतं. कणगी नसेल तर खोका किंवा आडवी केलेली पाटी चालेल. ही जागा पत्र्याखाली नको. आम्ही ती मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, रस्त्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवली आहे. जवळ पाणी, थोडं खाणं आणि घमेल्यात वाळू, म्हणजे तिला बाहेर जावं लागत नाही. फटाक्यांच्या वेळी खोलीचं बाहेरचं दार आणि खिडकी बंद ठेवायची, पण कणगीची दोन्ही तोंडं मोकळी. हे सगळं सणाच्या दिवशी मांडून उपयोग नाही. निदान दोन आठवडे आधी हवं, तिथे ती आपणहून झोपायला लागली पाहिजे.

आवाज सुरू झाला की तिला उचलायचं नाही, ओढायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. कान मागे, डोळ्यांची बुबुळं मोठी, शेपूट फुगलेली, अंग जमिनीला चिकटलेलं दिसलं की आपण बाजूला व्हायचं. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. ती आपणहून जवळ आली तर खुशाल कुरवाळा, त्यानं भीती वाढत नाही. आपला रेडिओ मंद आवाजात लावून ठेवला तर बाहेरचा आवाज थोडा दबतो. (आमच्या केंद्राची जाहिरात नाही हो ही.)

एकीनं विचारलं, शांत झोपावी म्हणून अर्धी गोळी द्यावी का? माणसांची कुठलीच गोळी देऊ नका. तापाची पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, एका गोळीनंही जीव जातो. फारच भित्रं मांजर असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा.

आवाजाची सवयही लावता येते. गणपती उठल्यावर आम्ही मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावायला सुरुवात केली, इतका बारीक की आपल्यालाच कान देऊन ऐकावा लागेल. आवाज चालू असेतो सुकटीचे दोन-चार तुकडे द्यायचे. मांजर खात राहिलं तर तीन-चार दिवसांनी थोडा वाढवायचा. खाणं सोडलं की आपण घाई केली असं समजून मागे यायचं. मोबाईलमधून बॉम्बची धडधड येत नाही, त्यामुळे हे काम अर्धंच होतं, पण लवंगी माळेला मनी आता फक्त कान फिरवते.

आवाज थांबल्यावरही ती सकाळपर्यंत आत बसून राहील. बसू द्या. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही, किंवा बोका लघवीला बसतोय आणि होत नाही असं दिसलं, तर दवाखाना गाठा. लघवी अडली असेल तर त्याच दिवशी. आणि मांजर चावलं-ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लसीसाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. हळद-चुना नको.

गावात बोलायचं तर एवढं सांगा, की रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवायला नियमानंच बंदी आहे. आम्ही मुलांना कोठीमागची गल्ली सोडून शाळेच्या मैदानावर जायला सांगितलं आहे. मोठी मुलं कुरकुरली. लहान लगेच तयार झाली, कारण मनीला पिल्लं होणार हे त्यांना कळलं आहे.

तिचं पोट दिसायला लागल्यापासून मोबाईलचा प्रयोग आम्ही थांबवला. मांजराचे दिवस साधारण ६३ ते ६५, त्या हिशेबानं ती दिवाळीच्या आसपासच विणार. गेल्या चार रात्री ती कणगीत झोपते आहे.