कार्बाइडला धार कशी लावतात?

दारावर येणारा धारवाला फिरत्या चाकावर विळी टेकवतो तेव्हा ठिणग्या उडतात आणि भोवती मुले जमतात. चाकातील कण लोखंडाहून कठीण, म्हणून लोखंड झिजते. गणित सोपे आहे. पण ज्या हत्याराने पोलादच कापावयाचे, त्याला धार कशाने लावावी?

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रावर काम करणाऱ्या मुलांच्या तोंडी 'कार्बाइड' हा शब्द सदैव असतो. टंगस्टन व कार्बन यांच्या संयुगाची भुकटी कोबाल्ट धातूत जखडून हा पदार्थ करतात. जर्मनीतील क्रुप कारखान्याने १९२० नंतरच्या दशकात तो 'विडिया', म्हणजे 'हिऱ्यासारखा', या नावाने विकावयास आणला. त्याला बहुधा हिऱ्याच्या कणांचे चाक लागते. ते महाग, शिवाय घर्षणाच्या उष्णतेने कार्बाइडला केसासारख्या भेगा पडतात.

अशा वेळी जोर वाढवून उपयोग नसतो. विजेची मदत घ्यावी लागते. वर्गात मोरचुदाच्या द्रावणात पितळी किल्लीवर तांब्याचा मुलामा चढवून दाखवला, की सर्व मुले किल्लीच पाहतात. धन टोकाला बांधलेली तांब्याची पट्टी तिकडे झिजत असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपल्याला मात्र त्या पट्टीशीच काम आहे.

विद्युत्-रासायनिक घर्षणाच्या रीतीत हत्यार धन टोकाला जोडतात आणि धातूत हिऱ्याचे कण बसवलेले चाक ऋण टोकाला. मधून सोडियम नायट्रेटसारख्या क्षाराचे पाणी वाहते ठेवतात. विजेचा दाब थोडा, बहुधा ५ ते १५ व्होल्ट. प्रवाह मात्र शेकडो अँपिअर असू शकतो. हत्याराचा पृष्ठभाग विरघळू लागतो, पण दुधावर साय धरावी तसा त्यावर ऑक्साइडचा थर धरतो आणि वीज अडते. चाकातून किंचित वर आलेले कण हा थर खरवडून काढतात. हिऱ्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे तेच कण चाक आणि हत्यार यांत बारीक फट राखून ठिणगीही टाळतात. साधारण नऊ हिस्से काम विजेचे आणि एक हिस्सा कणांचे. पण तो एक हिस्सा काढला तर बाकीचे नऊही थंडावतात.

चाक त्यामुळे पुष्कळ टिकते, काम थंड राहते, आणि कडेला धातूची कुसळे उरत नाहीत. इंजेक्शनच्या सुयांची टोके या रीतीने घासतात ती याच कारणासाठी.

काच किंवा चिनी माती यांना ही रीत लागू नाही. त्यांतून वीज जात नाही. खारे पाणी यंत्राला गंजवते. क्रोमियमयुक्त पोलाद घासल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरू शकते. ते गटारात सोडता कामा नये.

लहान कारखान्यांत मात्र कार्बाइड आजही पुष्कळदा कोरडेच घासले जाते. त्या कोबाल्टमिश्रित धुळीने काहींची फुप्फुसे कायमची निकामी होतात. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. धूळ ओढून घेणारे नळकांडे चाकाच्या अगदी तोंडाशी हवे. घरी मुलगा सुट्टीवर आला, की ते आहे किंवा नाही एवढे विचारावे.